मदत हवी आहे: भावाची पावडर सोडवायला गोळी कुठली?

अबोली
भाऊ पावडर ओढतो. पर्यटनाचा सीझन सुरू झाल्यापासून फार वाढलंय. सोडवायची गोळी कुठली आणि फार्मसीत चिठ्ठीशिवाय देतात का, तेवढंच सांगा. उपदेश नको. आई दोन दिवस जेवलेली नाही.

रातांबा
पावडर म्हणजे काय? ब्राउन शुगर, कोकेन, एमडी (मेफेड्रोन), केटामाइन, सगळ्यांनाच पावडर म्हणतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. ब्राउन शुगरला बुप्रेनॉर्फिन आहे, कोकेनला तशी मान्यताप्राप्त गोळी अजून जगात कुठेच नाही. वय किती, नाकाने घेतो की सुईने, सोबत दारू किती, शेवटचं कधी घेतलं?

अबोली
कोकेन. नाकाने. २९ वर्षांचा, गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकवर कामाला. दारूचा इथे काय संबंध? ती तिथे सगळेच घेतात.

रातांबा
संबंध मोठा आहे. दोन्ही एकत्र घेतली की यकृतात कोकाइथिलीन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात राहतं आणि हृदयाला जास्त जाचतं. दुसरं म्हणजे, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. नुसतं कोकेन तुटल्यावर तसं सहसा होत नाही. म्हणून रोज किती पितो आणि शेवटची कधी प्याला, हे लिहा.

सुरंगी
दारू असेल तर डायसल्फिरामची गोळी असते. चहात घालून द्या, त्याला कळतही नाही. वर प्याला की उलट्या होतात, आपोआप सुटते.

खाजन
सुरंगीताई, हे कुणी करू नये. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली तर नुसत्या उलट्या होत नाहीत. चेहरा लाल होतो, धडधडतं, रक्तदाब कोसळतो. कोकेनने ताणलेल्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. ती गोळी शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, तपासण्या करून, माणसाला सांगून देतात. बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत असर राहू शकतो.

सुरंगी
कितीतरी घरांत देतात आणि गुणही येतो.

खाजन
गुण येतो तो घेणाऱ्याला गोळीची माहिती असते म्हणून. प्यालो तर काय होईल या धाकानेच ती काम करते. ठाऊकच नसेल तर तो नेहमीसारखाच पिणार.

वाटाड्या
सरळ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्या. १९८६ पासून हेच काम करतात, समुपदेशन मराठीतून. गोव्यातून बाहेर पडला की माल देणारेही सुटतात.

मांडवीकाठ
मुक्तांगण चांगलंच आहे, पण परत येऊन तो त्याच शॅकवर उभा राहणार. इथे बांबोळीला आयपीएचबी आहे, सरकारी मनोरुग्णालय. आधी तिथे दाखवा, म्हणजे पुढची भेटही जवळ राहते. आणि 'गाडी पाठवतो, उचलून आणतो' म्हणणाऱ्या केंद्राच्या नादी लागू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे विकारही येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ खाली दोन तज्ज्ञांनी, त्यांत एक मनोविकारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासावं लागतं. मुदत ३० दिवसांपर्यंतच, आणि जिवाला धोका अशा गंभीर कारणाशिवाय नाही. साखळीने बांधणं तर बंदच आहे.

देवचार
ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंत का? आधी कौल घ्या.

खाजन
गाऱ्हाणं घाला, आईला बळ मिळेल. पण कौलासाठी डॉक्टरकडे जाणं थांबवू नका.

वाटाड्या
पोलिसांची भीती असेल तर ऐका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ आहे, उपचार घेतले की केस होतच नाही.

मांडवीकाठ
अर्धवट आहे हे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप लागलेल्या व्यसनी माणसाने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. कोकेनचं अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी. विक्रीत हात असेल तर हा आधार धरून बसू नका.

अबोली
केसबिस काही नाही हो! रोज तीन-चार पेग, शनिवारी जास्त. शनिवारी रात्री छातीत दुखतंय म्हणाला, तेव्हापासून झोपूनच आहे. आज सोमवार. मधे उठून जेवला, अजून छाती जड वाटते म्हणतो. हात कापतायत. तो झोपेत आहे तोवर गोळी आणून ठेवते म्हणून विचारलं.

रातांबा
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. आत्ता १०८ ला फोन करा. स्कूटरवर बसवू नका. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि गुठळीही होते, २९ व्या वर्षीही हृदयविकाराचा झटका येतो. झोप कोकेन उतरल्यावर येतेच, पण छाती जड आणि हात कापणं त्यात मोडत नाही. शेवटच्या पेगला दीड दिवस झाला, म्हणजे आकडीची वेळही हीच. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) कॅज्युअल्टी. दारात पोचताच सांगा: कोकेन, किती वाजता, दारू किती. लपवलंत तर एरवी धडधडीला देतात ती बीटा ब्लॉकरची गोळी दिली जाऊ शकते, कोकेन अंगात असताना ती सहसा टाळतात. ईसीजी एकदाच काढून घरी पाठवू लागले तर ट्रोपोनिनचं विचारा, हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी.

खाजन
उठवून जागा होत नसेल किंवा श्वास संथ असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

सागरगोटा
या सगळ्याला शॅकचे परवाने जबाबदार आहेत. परवाने बंद करा, पावडर आपोआप बंद होईल.

मांडवीकाठ
त्यासाठी वेगळा धागा काढा.

अबोली
ईसीजी ठीक आहे म्हणाले. ट्रोपोनिन काही तासांनी परत काढणार. दारूसाठी औषध आणि थायमिन (बी१ जीवनसत्त्व) सुरू केलंय. पुढे काय?

रातांबा
बरं झालं. डिस्चार्जच्या आधी आयपीएचबीसाठी चिठ्ठी लिहून मागा, सगळे रिपोर्ट सोबत ठेवा. पुढचे काही दिवस तो उदास, चिडका राहील, खाखा करेल. या दिवसांत आत्महत्येचे विचार येतात. सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. 'हो' म्हणाला तर एकटा सोडू नका, १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करा, २४ तास चालते. व्यसनाबद्दल घरच्यांनाही १४४४६ वर विचारता येतं.

नंतर ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते. पगाराचा दिवस, शनिवारची रात्र, पहिला पेग, हेच तिचे दरवाजे. दारू चालू ठेवून कोकेन सुटेल ही आशा धरू नका. कोकेनवर सर्वांत जास्त पुरावा आहे तो लघवी स्वच्छ आली की ठरलेलं छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीला, सोबत समुपदेशन. लघवीत कोकेन साधारण २ ते ४ दिवस दिसतं, म्हणून तपासणी आठवड्यातून दोनदा तरी ठेवतात. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, घरी पोलीस बनून नको.

अबोली
पगार माझ्या खात्यात घेऊ का?

रातांबा
तो स्वतः म्हणाला तर घ्या. आधी विचारा.