मदत हवी आहे: मित्राच्या लॅपटॉपवर चालणारं पायथॉन माझ्या पीसीवर ४०३ एरर (सर्व्हरचा नकार) देतंय

घणसोलीकर, रात्री ९:२५
जाणकारांनो, तातडीने मदत करा. वाशीला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये काकांचा गाळा आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे (मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) फोटो काका मोबाईलवरून क्लाउडवर टाकतात. माझं छोटं पायथॉन अ‍ॅप ते घरच्या पीसीवर उतरवून घेतं, मग मी हमाली, तोलाई वजा करून हिशोब लावतो. कोपरखैरण्याच्या मित्राकडे हेच अ‍ॅप सुरळीत चालतं, माझ्याकडे ४०३. क्लाउडची की (पासवर्डसारखी असते ती) तीनदा बदलली, पायथॉन काढून पुन्हा टाकलं. पहाटे गाळा उघडायच्या आत चालू व्हायलाच हवं. स्क्रीनशॉट आत्ताच काढून जोडलाय.

सर्व्हरवाला, ९:३१
कुठला क्लाउड? विंडोज की लिनक्स? पूर्ण एरर काय? ४०३च्या शेजारी जो शब्द असतो तोच महत्त्वाचा. अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणजे परवानगी नाही, सिग्नेचर डझ नॉट मॅच म्हणजे बहुतेक सीक्रेट की चुकली.

घणसोलीकर, ९:३४
अ‍ॅमेझॉनचं एस थ्री. मुंबई रीजन, एपी-साउथ-वन. विंडोज. बोटो-थ्री (अ‍ॅमेझॉनची पायथॉन लायब्ररी) वापरलंय. बाकी सगळं स्क्रीनशॉटमध्ये आहे.

ठाणेकर_ताई, ९:३८
अहो, स्क्रीनशॉटमध्ये एकेआयएने सुरू होणारी की आणि खाली सीक्रेटसुद्धा अख्खी दिसतेय! नुसतं चित्र हटवून भागणार नाही, ज्याने पाहायची त्याने पाहिली असेल. आधी आयएएममध्ये (अ‍ॅमेझॉनच्या खात्यातली परवानग्यांची जागा) जाऊन ती की बंद करा, नवी काढा. नवी कोडमध्ये लिहू नका. डॉट एन्व्ह नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती कोडसोबत गिटवर जाऊ नये म्हणून गिटइग्नोरमध्ये घाला. कोणी तुमच्या खात्यावर मशीनं चालवली तर बिल तुमच्याच नावावर येतं.

डॉकरभक्त, ९:४१
मित्राकडे चालतं, माझ्याकडे नाही, यावर एकच औषध: डॉकर. अ‍ॅप लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका डब्यात बंद होतं. एकदा ही इमेज बनवली की दोन्हीकडे सारखंच चालणार. मी दोन वर्षांत व्हेन्व्हला (पायथॉनची प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी मांडणी) हातसुद्धा लावलेला नाही.

सर्व्हरवाला, ९:४४
एका स्क्रिप्टसाठी डॉकर? मला वाटतं विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (विंडोज स्वतःकडे ठेवतं त्या सेटिंगमध्ये) जुनी की पडून असेल. डॉट एन्व्ह वाचणारं लोड-डॉटएन्व्ह आधीपासून असलेलं मूल्य बदलत नाही, त्यामुळे फाइलमध्ये की कितीही बदला, वापरली जाते जुनीच. याच कारणाने माझा एक अख्खा शनिवार गेला होता.

मार्केटचा_माणूस, ९:४७
माझाही मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. पट्ट्या एक्सेलमध्ये भरायला मुलगा ठेवा, क्लाउडची कटकट नको.

घणसोलीकर, ९:५३
ताई, की बंद केली, स्क्रीनशॉटही धाग्यातून हटवला. एन्व्हायर्नमेंट तपासलं, काहीच नाही. नव्या कीलाही ४०३च. शब्द आहे: रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड. नेट मंद असल्यामुळे का? आमच्या सेक्टरमध्ये संध्याकाळी नेट रडतंच.

पामबीचवरून, ९:५५
नेटचं म्हणाल तर आमच्याकडेही तेच. कुठलं कनेक्शन घेतलंय?

ऐरोलीची_खाडी, ९:५८
नेटचा संबंध नाही, या एररचा अर्थ पीसीची वेळ चुकली आहे. स्क्रीनशॉट होता तेव्हा मोठा करून पाहिला होता. उजव्या कोपऱ्यात घड्याळ दुपारचे ३:५२ दाखवत होतं आणि धागा आहे रात्री ९:२५चा. बरोब्बर साडेपाच तास मागे. त्या पीसीवर विंडोजच्या जोडीला उबुंटू आहे का?

घणसोलीकर, १०:०१
हो, धाकट्या भावाने कॉलेजसाठी टाकलंय. घड्याळ तेव्हापासून अधूनमधून मागे पडतं, मी हाताने लावतो. पण मी कीचं विचारतोय.

ऐरोलीची_खाडी, १०:०७
कीचं नाहीच हे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहून ठेवतं. विंडोज तेच घड्याळ भारतीय वेळ समजून वाचतं. म्हणून भाऊ उबुंटू वापरून उठला की विंडोज साडेपाच तास मागे. बोटो-थ्री प्रत्येक विनंतीच्या सहीत पीसीची वेळ घालतं, आणि एस थ्री पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. मित्राच्या लॅपटॉपवर वेळ बरोबर असणार, म्हणून तिथे चालतं.
आत्तापुरतं विंडोजच्या डेट अँड टाइम सेटिंगमध्ये जाऊन सिंक नाऊ दाबा. कायमचं हवं तर भावाला उबुंटूच्या टर्मिनलमध्ये सुडो लावून टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ चालवायला सांगा, मग उबुंटूही त्या घड्याळात भारतीय वेळच ठेवेल.

डॉकरभक्त, १०:०९
डॉकरमध्ये हे झालंच नसतं.

ऐरोलीची_खाडी, १०:१०
झालं असतं. कंटेनरला (डॉकरच्या त्या डब्याला) वेगळं घड्याळ नसतं, खालच्या मशीनचंच मिळतं.

लिनक्सप्रेमी, १०:१२
लोकल-आरटीसी करू नका, उबुंटू स्वतःच त्यावर इशारा देतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या यादीत) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल १ करून विंडोजलाच यूटीसी वाचायला लावा.

घणसोलीकर, १०:१९
सिंक नाऊ दाबलं, घड्याळ १०:१६वर आलं आणि पहिल्याच झटक्यात आजच्या सगळ्या पट्ट्या उतरल्या. कोडची एक ओळसुद्धा बदलली नाही. खाडीवाले दादा आणि ताई, मनापासून आभार. भाऊ झोपलाय, रजिस्ट्रीचं उद्या त्याला शेजारी बसवून करतो. आता हिशोबाला बसतो, काका तीनला उठतात.