सीड टाकूनही शेवटी आर-एस दोन्ही पडतात, कुठे चुकतंय?

प्रश्न
रेसिमिक मटेरियल (एकाच रेणूची आर आणि एस ही आरशातल्यासारखी दोन रूपं, सारख्या प्रमाणात) गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं, हळूहळू थंड केलं आणि शुद्ध आरचं सीड, म्हणजे तयार स्फटिकाचे कण, टाकले. तासाभरात छान चमकदार कण पडले, थोडे गाळून कायरल एचपीएलसीला (आर आणि एस वेगळे मोजणाऱ्या चाचणीला) लावले तर आर 90 टक्क्यांच्या वर! मग यील्ड वाढेल म्हणून बाकीचं रात्रभर ढवळत ठेवलं आणि सकाळी बघते तर माल भरपूर पण आर-एस जवळपास सारखेच. तीनदा केलं, तीनदा हेच. सीड कमी पडतंय का?

प्रतिसाद १
सीडचा दोष नाही, रात्रभर ठेवलंत तिथेच घोळ झाला. आर बाहेर पडत जातो तसा द्रावणात एसचा भरणा वाढतो आणि त्याचा पहिला कण जन्माला आला की मग तोही भराभर पडतो. तासाभरातच गाळा. गाळून उरलेल्या द्रावणात आता एस जास्त असतो, त्यात रेसिमिक मटेरियल घालून पुन्हा गरम करा आणि थंड करताना एसचं सीड टाका, असं आलटून पालटून चालतं.

प्रतिसाद २
थांबा, आधी हे काँग्लोमरेट आहे का ते बघा, म्हणजे आर आणि एसचे स्फटिक वेगवेगळे बनतात का. असे पदार्थ 5-10 टक्केच असतात, बाकी बहुतेकांत दोन्ही एकाच स्फटिकात बसतात आणि मग सीड टाकून काही उपयोग नाही. सीड किती टाकलं होतं? पडलेला माल तेवढाच असेल तर तुम्ही स्वतःचंच सीड मोजलंत.

प्रश्नकर्ती
सीड 1 टक्का, तासाभरात माल त्याच्या आठपट. शुद्ध आर आणि रेसिमिकचा पावडर एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारा क्ष-किरण नमुना) सुद्धा हुबेहूब सारखा आला.

प्रतिसाद २
मग काँग्लोमरेटच, नशीबवान आहात!

प्रतिसाद ३
कायरल कार्बनवरचा (ज्याच्यामुळे आर-एस अशी दोन रूपं होतात त्या कार्बनवरचा) हायड्रोजन बेसने निघण्यासारखा असेल तर व्हिएडमा रायपनिंग कराच, मला तर ही पद्धत फार आवडते. 2005 मध्ये व्हिएडमा या संशोधकाने सोडियम क्लोरेटची स्लरी (द्रावणात न विरघळलेले स्फटिक) काचेच्या मण्यांबरोबर नुसती ढवळत ठेवली आणि शेवटी सगळे स्फटिक एकाच हाताचे, म्हणजे एकाच रूपाचे झाले! मणी स्फटिक फोडत राहतात, बारीक चुरा विरघळतो, विरघळलेलं मोठ्या कणांवर जाऊन बसतं, आणि ज्या बाजूचं थोडं जास्त असेल ती बाजू वाढतच जाते. सोडियम क्लोरेट द्रावणात कायरल नसतंच, म्हणून तिथे वेगळं काही लागलं नाही, पण तुमच्या रेणूला द्रावणात आरचा एस नि एसचा आर होता आलं पाहिजे. 2008 मध्ये एका अमिनो आम्लाच्या डेरिव्हेटिव्हवर डीबीयू हा बेस घालून हे करून दाखवलंय. तसं झालं तर यील्डला 50 टक्क्यांची मर्यादाही राहत नाही.
आधी थोडा शुद्ध आर विरघळवून त्यात बेस टाका आणि दर तासाला ईई (एक रूप दुसऱ्यापेक्षा किती जास्त आहे ते) बघा. ईई कमी होत नसेल तर आरचा एस होत नाहीये, मग मणी कितीही फिरवा, काही होणार नाही.