तीन वर्षे पाचट कुजवूनही सेंद्रिय कर्ब फारसा वाढला नाही : मदत हवी आहे

नमस्कार. कराड तालुक्यात नदीकाठच्या काळ्या जमिनीत आमचा एक एकर ऊस आहे. लागणीची तोड झाल्यापासून सलग तीन हंगाम आम्ही पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणारी उसाची वाळलेली पाने, पेटवलेले नाही. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू या प्रमाणात टाकून ते सरीतच कुजवत आलो आहोत. सुरुवातीच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (मातीतल्या कुजलेल्या जैविक पदार्थांतला कार्बन) 0.42 टक्के होता, तो आता 0.46 टक्के आला आहे. अहवाल पाहून आमचे तात्या म्हणाले, "एवढ्यासाठी तीन वर्षं उंदरं पोसली का?"

रानात दिसते ते मात्र निराळे आहे. सरीतले पाचट हाताने बाजूला केले की खाली काळपट ओलसर थर लागतो, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या असतात. एकरी साडेतीन टन वाळलेले पाचट आणि त्यात सुमारे 42 टक्के कर्ब धरला, तर तीन वर्षांत चार टनांहून अधिक कर्ब जमिनीला मिळायला हवा. तो गेला कुठे? जमीन चुनखडीची असल्यामुळे आकडा चुकला असेल का? येत्या हंगामात ऊस मोडून नवी लागण करायची आहे, त्याआधी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

एक एकर काळ्या जमिनीच्या वरच्या 15 सेंटीमीटर थराचे वजन साधारण 8 लाख किलो भरते, त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारी 0.04 टक्क्यांची वाढ म्हणजे सुमारे 320 किलो कर्ब होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात तो जवळपास बाराशे किलो भरेल. पाचटातला बाकीचा बहुतांश कर्ब जिवाणू आणि बुरशी यांनी खाऊन श्वासावाटे पुन्हा हवेत सोडला. पाचट कुजणे म्हणजे तेच, आणि आपल्या उष्ण हवेत, पाणी मिळणाऱ्या रानात ते वेगाने होते. जमिनीत टिकतो तो मुख्यतः सूक्ष्मजीवांच्या मेलेल्या शरीरांचा आणि त्यांच्या स्रावांचा अंश, जो चिकणमातीच्या कणांना धरून बसतो किंवा मातीच्या बारीक ढेकळांत असा अडकतो की दुसऱ्या जिवाणूंना तो सहज खाता येत नाही. या कामात काळी माती हलक्या मुरमाड जमिनीपेक्षा कितीतरी सरस आहे.

चुनखडीची शंका सोडून द्या. नेहमीच्या वॉक्ले-ब्लॅक पद्धतीत फक्त सेंद्रिय कर्ब मोजला जातो. चुनखडीतला कर्ब त्यात येत नाही. वरचे न कुजलेले पाचटही नमुना घेताना बाजूला काढले जाते आणि 15 सेंटीमीटरच्या खाली मुळांनी साठवलेला कर्ब त्या पिशवीत येतच नाही.

खरी अडचण वेगळी आहे. एकाच ढिगातून दोन पिशव्या भरल्या तरी 0.04 चा फरक सहज पडू शकतो, म्हणून या दोन अहवालांवरून वाढ सिद्ध होत नाही आणि तात्यांचे म्हणणेही सिद्ध होत नाही. दोन्ही वेळचे नमुने एकाच जागेवरून आणि एकाच खोलीवरून घेतले होते का, हे आधी सांगावे. ऊस मोडताना रोटाव्हेटरच्या फेऱ्या शक्य तितक्या कमी ठेवा. ढेकळे फुटून आत अडकलेला कर्ब हवेला आणि जिवाणूंना उघडा पडतो, आणि तीन वर्षांची कमाई त्यात झपाट्याने खर्ची पडू शकते.

धागाकर्ता

आपण विचारल्यावर जुनी वही काढली. पहिला नमुना लागणीआधी सपाट रानातून घेतला होता. या वेळचा मात्र मी वरंब्यावरून, उसाच्या बुडख्याजवळून घेतला आणि पाचट तर सगळे सरीत आहे! आता वाफसा आल्यावर सरी आणि वरंबा यांचे नमुने वेगवेगळे काढतो. प्रत्येकी किती ठिकाणची माती एकत्र करावी आणि 15 ते 30 सेंटीमीटर थराची पिशवी वेगळी द्यावी का, एवढे कृपया सांगावे.