मदत हवी आहे: पालकसभेत एरिक्सन कसा मांडू?

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. पालकसभेत किशोरवयावर बोलायचंय. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननं माणसाच्या वाढीचे 8 टप्पे मांडले. त्यातला पाचवा, साधारण 12 ते 18 वर्षांचा, 'मी कोण' हे शोधण्याचा. इथवर सोपं आहे.

अडचण पुढं आहे. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये याच टप्प्यावर काम करताना एक अवस्था दाखवली: स्वतः काही चाचपून न बघता घरच्यांनी ठरवलेली वाटच आपली मानणं. आमच्याकडं हे घरोघरी आहे. आठवीतच 'नीट'चं पक्कं, लातूरला खोलीसुद्धा बघून ठेवलेली. सोयाबीनच्या पैशातून क्लासची फी भरणाऱ्या बापाला हे सांगितलं, तर तो म्हणणार, "मॅडम, मग पोरानं करावं तरी काय?" आणि त्याचं चूकही नाही. शिवाय मार्शियाचा अभ्यास अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवरचा. तो आपल्याकडं जशाचा तसा लावावा का?

कुणी समुपदेशक किंवा बी.एड.ला शिकवणारे असाल तर सांगा, पालकांना न दुखावता हे कोणत्या उदाहरणानं पटेल? मुलांकडून करून घेण्यासारखा उपक्रमही चालेल. फक्त मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड नको, तो सगळ्यांनी ऐकलाय.