मदत हवी आहे: मुंबईतली थिऑसॉफिकल सोसायटी (१८७९–८२), लघुप्रबंधाची चौकट

शेवाळी
एम.ए. इतिहासाचा लघुप्रबंध आहे, गूढविद्या आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीवर. काळ फेब्रुवारी १८७९ ते डिसेंबर १८८२, म्हणजे तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईत आल्यापासून मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला हलेपर्यंत. चौकट पाश्चात्त्य गूढपरंपरांच्या अभ्यासशाखेतली हवी आहे. गूढपरंपरा ओळखण्यासाठी अंत्वान फेव्हर या फ्रेंच अभ्यासकांनी दिलेले चार मूलभूत निकष (विश्वातले परस्परानुबंध, सजीव निसर्ग, कल्पनाशक्ती व मध्यस्थ, अंतःपरिवर्तन) आणि दोन दुय्यम (परंपरांची एकवाक्यता, दीक्षेतून संक्रमण) घेऊन सोसायटीच्या 'द थिऑसॉफिस्ट' मासिकाचे पहिले तीन खंड तपासते आहे. दुय्यम दोन सहज सापडतात, मूलभूत चार मात्र ओढूनताणून लावावे लागतात. मग सोसायटी या शाखेत बसतच नाही का? आणि महात्म्यांच्या, म्हणजे सोसायटीच्या अदृश्य गुरूंकडून आल्याचं सांगितलं जाणाऱ्या पत्रांचं काय करायचं?

तळटीप
बसते, पण मोजपट्टी दुसऱ्या कापडाची आहे. फेव्हर यांनी १९९२ मध्ये ही यादी मांडली ती प्रामुख्याने रेनेसाँसपासून जर्मन स्वच्छंदतावादी निसर्गतत्त्वज्ञानापर्यंतच्या साहित्यावरून. पॅरासेल्सस, ब्योमे या त्या काळातल्या गूढविचारकांना ती चपखल लागते. १८७९ चं मासिक डार्विन, प्रेतात्मवादाच्या बैठका आणि तौलनिक धर्माभ्यास यांच्यानंतरचं. तिथे सहा चौकोनांत खुणा करत बसलात तर प्रबंध वर्गीकरणातच संपेल.

त्यापेक्षा वाउटर हानेग्राफ यांची २०१२ मधली 'नाकारलेल्या ज्ञाना'ची मांडणी घ्या. प्रॉटेस्टंट आणि ज्ञानोदयकालीन (एन्लाइटनमेंट) विद्वानांनी जे जे विद्येच्या बाहेर टाकलं ते एकाच टोपलीत जमा झालं, असा तिचा गाभा. मात्र मुंबईत ती तशीच उतरवू नका. योगसूत्रं किंवा वेदान्त इथल्या पंडितांनी कधी बाहेर टाकलेच नव्हते. युरोपात नाकारलेलं आणि इथे प्रतिष्ठित असलेलं एकाच अंकात शेजारी छापलं की काय घडतं, हा तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते प्रबंधाचं मोल इथेच आहे.

तीन खंड म्हणजे ३६ अंक, लघुप्रबंधाला फार. पहिला खंड पूर्ण (ऑक्टोबर १८७९ ते सप्टेंबर १८८०) आणि मार्च ते जुलै १८८२ चे पाच अंक घ्या. मार्चमध्ये स्वामी दयानंदांनी मुंबईत सोसायटीशी उघड फारकत घेतली. प्रत्येक लेखाच्या पाच नोंदी करा: महिना, लेखक, प्रमाण म्हणून कुणाचा हवाला, वाद कुणाशी, वाचक कोण गृहीत धरलाय. चौथा रकाना सर्वात जास्त बोलतो.

जुनी_पानं
वरच्याला अनुमोदन. साधनांबद्दल तीन खबरदाऱ्या.

पुरवणी सोडू नका. तिचे पृष्ठक्रमांक वेगळे असतात आणि बांधीव खंडांत ती कधी शेवटी जाते, कधी गायबच असते. दयानंदांच्या आरोपांना दिलेलं उत्तर जुलै १८८२ च्या पुरवणीतच आहे; मुख्य अंकाच्या अनुक्रमणिकेवर विसंबलात तर ते हातचं जाईल. संदर्भ देताना 'पुरवणी' हा शब्द लिहाच.

ऑल्कॉट यांच्या 'ओल्ड डायरी लीव्हज'ला समकालीन पुरावा धरू नका. नावात डायरी असली तरी त्या आठवणी १८९२ पासून छापल्या गेल्या, म्हणजे कूलोम प्रकरण (कूलोम दाम्पत्याने ब्लाव्हाट्स्कींवर केलेला बनावट चमत्कारांचा आरोप) आणि ब्लाव्हाट्स्कींना ठक ठरवणारा १८८५ चा हॉजसन अहवाल या दोन्हींनंतर. एखादी घटना फक्त तिथेच असेल तर मजकुरात तसं स्पष्ट लिहा.

स्कॅन प्रतींत नावं शोधताना इंग्रजी स्पेलिंगचे सगळे पर्याय टाकून बघा. सोसायटीचे मुंबईतले सदस्य तुकाराम तात्यांचं नाव तिथे 'टूकाराम' म्हणूनही येतं.

शेवाळी
फार उपयोगी. पत्रांबद्दल कुणी सांगेल का? ती खरी की बनावट हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं मार्गदर्शकांचं म्हणणं.

तळटीप
तो निवाडा तुमच्या प्रबंधाला लागत नाही. महात्मे होते किंवा नव्हते यावर इतिहासकाराने मत न देताही पत्रं कुणाला आली, कुणाला दाखवली आणि कोणत्या वादात वापरली हे तपासता येतं. तेवढंच करा. सोसायटीचे सदस्य, पत्रकार सिनेट यांना आलेल्या पत्रांची मूळ हस्तलिखितं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, १९२३ ची छापील आवृत्ती तुम्हाला पुरेल. प्रस्तावनेत ही भूमिका चार ओळींत लिहून टाका, मार्गदर्शकांचा आक्षेप बहुधा तिथेच मिटेल.

आणखी एक. ब्लाव्हाट्स्कींच्या १८८८ च्या 'द सिक्रेट डॉक्ट्रिन'मधली मतं १८७९ वर लादू नका. त्यांच्याच १८७७ च्या 'आयसिस अनव्हेल्ड'मध्ये एकाच व्यक्तीचा पृथ्वीवर पुन्हा जन्म हा अपवाद आहे, नियम नाही. पुढे तोच सोसायटीचा पायाभूत सिद्धांत झाला. मधली वळणं मुंबईच्या अंकांत कुठे दिसतात ते महिन्यागणिक टिपून ठेवा.