'क्रिस्तियाना' म्हणजे ख्रिश्चनच ना?

मंडळी एक शंका. अमेरिकेतल्या लॅटिनो (म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या) मतदारांवरच्या एका लेखाचं मराठी करतेय, त्यात टेक्ससमधली एक बाई म्हणते "आई कॅथलिक, मी ख्रिश्चन". अहो पण कॅथलिक काय ख्रिश्चन नसतात का? बाई गंडलीये की मी?

>> कोणीच नाही. ती स्पॅनिशमध्ये 'क्रिस्तियाना' म्हणाली असणार. डिक्शनरीत अर्थ ख्रिश्चनच, पण लॅटिनो घरांत 'कॅथलिक की क्रिस्तियानो' असं सर्रास विचारतात, म्हणजे प्रोटेस्टंट, त्यातही बहुतेक पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारे) वगैरे मंडळी. मी ह्यूस्टनला असतो, आमच्या ऑफिसातल्या एक मेक्सिकन काकू भावाबद्दल म्हणाल्या, दारू सोडली, क्रिस्तियानो झाला. मला एकदम आपलं 'माळ घातली' आठवलं, माळकरी आधीही हिंदूच असतो की.

>> आणि 'इव्हँजेलिकल'ला (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे प्रोटेस्टंट) पेपरवाले बिनधास्त 'कट्टर ख्रिश्चन' लिहितात ते बंद करा प्लीज. मराठी बायबलात 'सुवार्तिक' आहे पण तो प्रचार करणारा माणूस, पंथ नाही, त्यामुळे मी तरी इव्हँजेलिकलच ठेवीन. ट्रम्पनी जानेवारी २०२० मध्ये 'इव्हँजेलिकल्स फॉर ट्रम्प' सुरू केलं तेच मुळी मायामीतल्या 'एल रेय हेसुस' या लॅटिनो चर्चमध्ये.

>> हो, पण लॅटिनो मतदार ट्रम्पकडे वळले त्याबद्दल 'धर्मांतर झालं म्हणून पक्षांतर झालं' असं लिहू नका हां. एकतर पक्षांतर पुढारी करतात, मतदार फक्त फिरतो. आणि प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या सर्व्हेत लॅटिनोंमधले कॅथलिक २०१० ला ६७ टक्के होते ते २०२२ ला ४३ वर आले, पण प्रोटेस्टंट काही तेवढे वाढले नाहीत, वाढले ते 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे, १० चे ३० टक्के झाले. टेक्ससच्या मेक्सिको सीमेवरची स्टार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) बघा, जवळजवळ सगळी लॅटिनो वस्ती, २०१६ ला ट्रम्पला १९ टक्के मतं आणि २०२४ ला ५८ च्या आसपास, तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १८९२ नंतर रिपब्लिकन (ट्रम्पचा पक्ष) जिंकलाच नव्हता. आठ वर्षांत अख्खी काउंटी काय चर्च बदलून बसली का? महागाई, बॉर्डर, तेलधंद्यातल्या नोकऱ्या हे पण आहेच ना.

>> बरं बरं, पक्षांतर कट. मग त्या वाक्याचं 'आई कॅथलिक, मी चर्चवाली' करू का?

>> नको, आईपण चर्चलाच जाते ना! 'क्रिस्तियाना' ठेव आणि खाली टीप दे.