ॲसिडिटीची गोळी आणि मेथोट्रेक्सेट
कॅन्सरच्या गाठीभोवतीचं आम्ल कमी झालं की डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध पेशीत नीट शिरतं, म्हणून ऑस्टिओसार्कोमाच्या (हाडाच्या कॅन्सरच्या) केमोसोबत पॅन्टोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी चालू ठेवावी, असा एक सल्ला वाचनात आला. तर्क पटतो, इटलीत रुग्णांना त्याच गटातलं इसोमेप्रॅझोल देऊन केलेला अभ्यास २०१३ साली छापूनही आलाय. पण याच केमोत बऱ्याचदा मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट हे औषधही असतं, त्याचं काय? ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं आणि पॅन्टोप्रॅझोलच्या गटातल्या गोळ्यांमुळे ते शरीरात रेंगाळू शकतं. मग रक्तातली पातळी लवकर उतरत नाही, तोंड सोलवटतं, किडनीवर बेततं. डॉक्टरांना न विचारता सुरू करण्यातली ही गोळी नव्हे.

माझ्या भाच्याच्या वेळी मेथोट्रेक्सेट लावायच्या आधीच सिस्टरनी ताईच्या पिशवीतली पॅन्टोप्रॅझोलची पट्टी काढून घेतली होती. गंमत म्हणजे तिथेही भांडण आम्लाशीच, फक्त लघवीतल्या, कारण आम्ल लघवीत मेथोट्रेक्सेट नीट विरघळत नाही. सोडा बायकार्बचं सलाइन चालू, आणि प्रत्येक वेळी भांड्यात कागदी पट्टी बुडवून पीएच ७ च्या वर आहे ना ते बघायचं, रात्री दोन वाजतासुद्धा. मेथोट्रेक्सेटची पातळी उतरेपर्यंत त्याच्या दुष्परिणामांपासून वाचवणारं ल्युकोव्होरिन. गोळ्यांची ती पट्टी ताईला थेट डिस्चार्जच्या दिवशी परत मिळाली.